दारापासून फाटकापर्यंत

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, वॉकर घेऊन रोज चालायचं, कंटाळा करायचा नाही. घरातल्या घरात ते चालायचेही. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून परत हॉल. पण आमचं खरवईचं घर म्हणजे पुढे अंगण, मग फाटक, आणि मधली सगळी जमीन कच्ची. पाऊस संपला तरी माती भुसभुशीतच. पहिल्यांदा ते पायरी उतरले तेव्हा वॉकरचे पुढचे पाय मातीत रुतले. मी मागे होते म्हणून पडले नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी दाराच्या आत खुर्ची टाकली, ती टाकलीच.

गल्लीच्या कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. संध्याकाळी तिथे त्यांची मित्रमंडळी जमतात. तिथे जाणं बंद झालं आणि हळूहळू घरातलं बोलणंही आटलं. अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन होते ते. मशीनच्या आवाजावर आवाज चढवायची सवय, त्यामुळे घरात मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना कळायचं. आता जेवायला हाक मारली तर नुसती मान हलवायचे. मला ती शांतता सोसेना.

दारापासून फाटकापर्यंत सिमेंटची पायवाट करून घ्यायची, एवढं साधं काम. मिस्त्री आला, कमरेवर हात ठेवून बघून गेला. "मोठ्या साइटवरून सुटलो की येतो," म्हणाला. मग फोन उचलेनासा झाला. दुसरा तर फोनवरच म्हणाला, "ताई, एवढ्याशा कामाला माणसं कुठून आणू?" आमचे हे म्हणाले, "बघू गं, होईल." त्यांचं 'बघू' मी लग्नापासून ऐकते आहे.

एका रविवारी नणंद आली. ती ह्यांच्याहून मोठी, राहते उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये. घरीच ब्लाउज शिवते. वडिलांना तसं दारात बसलेलं बघून ती आत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आपण करू."

"काय करू?"

"पायवाट. तू आणि मी."

"ताई, आपल्याला काय येतंय त्यातलं?"

"मला ब्लाउज तरी कुठं येत होता? पहिला शिवला तेव्हा दोन्ही बाह्या डाव्या झाल्या होत्या. बाईनं तो घातला आणि तिचा एक हात कायम वर! पण शिकले की नाही?"

मी हसले, आणि हसता हसता हो म्हणून बसले.

मग आम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. ती तिकडे बघायची, मी इकडे, आणि दुपारी फोनवर चर्चा. खाली माती ठोकून घट्ट करायची, वर खडी दाबायची, दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करायच्या आणि मधे काँक्रीट ओतायचं. ऐकायला केक करण्यासारखं वाटायचं. सामान घ्यायला तिच्याच ओळखीच्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्यानं यादी बघितली, आम्हाला बघितलं आणि म्हणाला, "दीदी, मिस्त्री को भेज दो, उसको समझा देता हूँ."

"मिस्त्री समोरच उभी आहे," नणंद म्हणाली.

त्यानं पुन्हा एकदा आमच्या साड्यांकडे बघितलं. "अच्छा? फिर पानी कम डालना. नया आदमी पानी में ही फसता है." आणि जाताना भांडी घासायचे रबरी हातमोजेही पिशवीत टाकले. "सिमेंट हाथ खा जाता है."

आखणी नणंदेनं केली, ब्लाउजची टेप आणि खडू घेऊन. दारापासून सरळ रेघ ओढत आली तर मधे कढीपत्त्याचं झाड. मी म्हटलं, तोडू. ती म्हणाली, "कशाला? इथं गोलाई देऊ, गळ्याला देतो तशी." बाकी सगळीकडे फळ्या होत्या, पण गोलाईला फळी वाकणार कशी? तिथं पत्र्याची लांब पट्टी वाकवून उभी केली आणि बाहेरून खुंट्या ठोकल्या. खणताना माझ्या हाताला फोड आले, तिची कंबर धरली. सासरे दारातून बघत होते. एकदाच त्यांनी घसा खाकरला. आम्ही दोघींनी वळून बघितलं, तर त्यांनी नजर वर पंख्याकडे नेली.

ओतायच्या दिवशी हे घरी नव्हते, सुट्टी असूनही ओव्हरटाइमला गेले होते. मला वाटतं मुद्दामच. आम्ही जुन्या पत्र्यावर रेती, खडी आणि सिमेंट कोरडंच कालवलं, मधे खळगा केला आणि पाणी सोडलं. दुकानदारानं सांगितलं होतं तरी पहिला घाणा पातळच झाला. फावड्यावर राहीना.

"कढी झाली गं," नणंद म्हणाली.

आणखी सिमेंट, आणखी खडी घालून तो कसाबसा सावरला. दुसरा घाणा छान झाला, लाडवाच्या सारणासारखा मुठीत बसणारा. मग आम्हाला जोर आला. मी घमेलं आणून ओतत होते, ती थापीनं दाबत होती. दारापासून निघालो, फळी फिरवून सपाट करत करत कढीपत्त्यापर्यंत आलो. गोलाईही भरली. मी कौतुकानं बघत उभी होते, तेवढ्यात पत्र्याची पट्टी पोट सुटल्यासारखी बाहेर यायला लागली. एक खुंटी उपटली, मग दुसरी, आणि आमचं काँक्रीट हळूहळू अळूच्या वाफ्याकडे निघालं.

नणंद पट्टीला पाठ लावून खाली बसली. मी तिच्या शेजारी दोन्ही हातांनी रेटून धरलं. सोडलं तर सगळं गेलं, आणि धरून ठेवलं तर पुढचं करणार कोण?

"आता काय?" मी विचारलं.

"मला काय माहीत! व्हिडिओत हे नव्हतं!"

तेवढ्यात मागून आवाज आला. किती दिवसांनी आला, पण जसाच्या तसा, सगळी गल्ली ऐकेल असा. "अगं, हातानं काय धरता! बाहेरून वजन लावा, वजन! कपडे धुवायचा दगड आणा!"

मी धावत जाऊन दगड लोटत आणला.

"एकानं काय होतंय? कुंड्या लावा! पाटा आणा! सिलिंडर भरलेला आहे ना? तो आणा!"

सिलिंडर तिरका करून गोल फिरवत मी दारापर्यंत आणला, तर वाट अडलेली. सासरे पायरीच्या खाली, ओल्या काँक्रीटच्या कडेला उभे होते. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातानं नणंदेला डावीकडे सरकायच्या खुणा करत. वॉकर आतच खुर्चीजवळ होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही उतरलात?"

"मग काय बसून राहू? माल चाललाय तुमचा! मी सरकतो, सिलिंडर ने पुढं."

नणंदेनं बसल्या जागेवरून मान वळवून वडिलांकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि हात सिमेंटनं माखलेले, त्यामुळे पुसताही येईनात. "वजन लाव आधी, मग रड," ते म्हणाले. ती रडता रडता हसायला लागली.

मी धावत खुर्ची बाहेर आणून दिली. उरलेलं काम त्यांनी खुर्चीतून करून घेतलं. खुंट्या आता दुप्पट ठोकून घेतल्या, तडे जाऊ नयेत म्हणून मधे मधे जोड सोडायला लावले. शेवटी मी थापीनं वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत करायला लागले तर ओरडले, "मला पाडायचंय का? झाडू फिरव त्यावर." ओल्या काँक्रीटवर हलका झाडू ओढला तशा बारीक रेघा उमटल्या, वॉकर घसरणार नाही अशा.

दिवेलागणीला हे घरी आले. फाटक उघडून आत आले आणि थबकले. अंगणात सिलिंडर, पाटा, दगड, चार कुंड्या आणि तांदळाचा डबा एका ओळीत उभे होते, आणि आम्ही तिघं पायरीवर बसून चहा पीत होतो.

"गॅस बाहेर आहे, तर चहा कशावर केला?" ह्यांना एवढंच सुचलं.

"शेजारून आणला," सासरे म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत सिलिंडर हलवायचा नाही. तोवर जेवणाचे डबे बाहेरून आण."

दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. गोणपाटं अंथरून आम्ही ती भिजवून ठेवायचो, पण त्यांना आमचा भरवसा नव्हता. पायरीवर खुर्ची, हातात पाइप. आधी बसून पाणी मारायचे, मग लांबचं टोक भिजत नाही म्हणून उभे राहून. पायवाट पक्की होईपर्यंत त्यांचे पायही बरेच पक्के झाले. गोलाईच्या जागी मात्र तिचं पोट सुटलेलंच राहिलं. मी ते तोडून नीट करायचं म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. वॉकर वळवायला जागा झाली."

गोणपाटं उचलली त्या संध्याकाळी नणंद मुद्दाम आली. सासऱ्यांनी धुतलेला शर्ट घातला, केस विंचरले. वॉकर टेकवत निघाले, गोलाईला सावकाश वळले, फाटकाशी पोचले. आम्हाला वाटलं, तिथून परत फिरतील. त्यांनी कडी काढली आणि गल्लीच्या कडेकडेनं टपरीकडे चालायला लागले. मागे वळूनही बघितलं नाही.

बराच वेळ झाला तरी येईनात तेव्हा आम्ही दोघी बघायला गेलो. टपरीवर सगळी मंडळी जमली होती आणि मधोमध त्यांचा आवाज चालू होता.

"घरी काम काढलं होतं, म्हणून आलो नाही इतके दिवस," ते सांगत होते. "कामाला दोघी होत्या. दोघीही नवीन. सांभाळून घ्यावं लागलं."

नणंदेनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं. आम्ही दोघींनी दोन कटिंग सांगितले आणि तिथंच बाकावर टेकलो.