खच्चरं उजव्या पानावर

माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, सैन्यात खेचरं चालवायचे. डोंगरातल्या ज्या चौक्यांवर गाडी जात नाही, तिथं शिधा, पाणी, रॉकेल खेचराच्या पाठीवरून पोचवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन ते कोरेगावजवळच्या गावी ऊस आणि दोन म्हशी सांभाळत राहिले. पंचाहत्तरी उलटल्यावर एका मे महिन्यात त्यांनी माझ्यापुढं तीन जाड वह्या ठेवल्या आणि म्हणाले, याचं पुस्तक करायचं. कुणा प्रकाशकाच्या दारात जायचं नाही, आपलं आपण छापायचं.

मी साताऱ्यात शाळेत गणित शिकवते. पुस्तक मांडायचा माझा अनुभव म्हणजे दर सहामाहीची प्रश्नपत्रिका. पण सुट्टीला मी गावी आलेले होते, लॅपटॉप होता, आणि सांगलीला माझ्या माहेरी माझी एक शाळासोबती वडिलांच्या मागं त्यांचा छापखाना चालवत होती. मी हो म्हटलं. पुस्तक म्हणजे मजकूर टाइप करायचा आणि पाठवून द्यायचा, अशी माझी समजूत होती.

वह्यांमध्ये अकरा खेचरं होती. आबांनी आयुष्यात सांभाळलेली अकरा, एकेका खेचराचं एकेक प्रकरण. मी पहिल्याच दिवशी सगळीकडं शुद्ध मराठीत ‘खेचर’ करून टाकलं. आबांनी ते वाचलं आणि सांगितलं की खेचर आपण कधी बघितलेलं नाही, आपण आयुष्यभर खच्चर बघितलंय. मी सगळीकडं परत ‘खच्चर’ केलं.

मग अक्षराचा आकार. पुस्तक वाचणार कोण, तर आबांच्या वेळचे गावोगावचे निवृत्त फौजी, म्हणजे सगळ्यांचे चष्मे जाड. आबा कागद हातात धरून गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि मी एकेक आकार मोठा करत छापील पानं नेऊन देत राहिले. चौथ्या खेपेला त्यांनी मान डोलावली. पण नवीच अडचण निघाली. आबा पान धरायचे तेव्हा त्यांचा अंगठा प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द झाकून टाकायचा. वर्षानुवर्षं दोर धरून तो अंगठा चांगला चमच्याएवढा रुंद झालेला. मी कंपासपेटीतली पट्टी आणून मोजला. आमच्या पुस्तकाचा बाहेरचा समास आबांच्या अंगठ्याएवढा आहे. मैत्रिणीला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं की उजव्या अंगठ्याएवढा की डाव्या, आणि मी खरोखर परत जाऊन डावाही मोजून आले.

तोवर मला या कामाची झिंग चढली होती. भाकरी भाजताना मला ओळींमधलं अंतर दिसायचं. गल्लीतल्या लग्नपत्रिकांचे समास मी मोजायला लागले. नवरा पुण्याहून शनिवारी आला, तर जेवताना मी त्याला डावं पान आणि उजवं पान यांतला फरक समजावत होते आणि तो आमटीत भाकरी कुस्करत नुसता हं हं करत होता.

उजव्या पानाचं खूळ खरं तर आबांचं. प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू झालं पाहिजे, असं त्यांनी बजावलं. मी म्हटलं, मग कितीतरी ठिकाणी डावं पान कोरं राहील.

“खच्चर चालवताना माणूस डाव्या अंगाला चालतो,” आबा म्हणाले. “खच्चर कायम त्याच्या उजवीकडं.”

“पण मग डाव्या पानावर काहीच नाही.”

“काहीच न्हाई कसं? तिथं मी हाय की.”

मी सगळी अकरा खच्चरं उजवीकडं घेतली.

खच्चरांना नावं नव्हती. सैन्यात प्रत्येकाच्या खुरावर आकडा डागलेला असतो, तोच त्याचा पत्ता. त्यामुळं प्रकरणांचे मथळे म्हणजे नुसते आकडे. पहिलं खच्चर ३१२, दुसरं ८५, असं. मी फाइल सांगलीला पाठवली. आमच्याकडची अक्षरं छापखान्याच्या यंत्रावर गेली की रफार इकडून तिकडं उड्या मारतात, म्हणून तिथला एक माणूस सगळं तपासून दुरुस्त करतो. त्यानं फारच मन लावून तपासलं. नवव्या पानाच्या डोक्यावर त्याला ३१२ दिसलं. पानाचा आकडा चुकलाय असं समजून त्यानं तिथं ९ केलं. पुढं जिथं जिथं खच्चर भेटलं तिथं तिथं त्यानं पानाचा खरा आकडा घातला.

ते छापून आलेलं कच्चं पुस्तक आबांनी ओसरीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. मग चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, “सूनबाई, ही खच्चरं आमची न्हाईत.”

मला आधी कळेचना. कळल्यावर मी मैत्रिणीला फोन लावला. ती इतकी हसली की तिला फोन ठेवावा लागला. पाच मिनिटांनी तिचा फोन आला, बोलायला सुरुवात केली आणि परत हसू फुटून तिनं ठेवला. तिसऱ्यांदा आम्ही दोघी नेटानं बोललो. तिचं म्हणणं बरोबर होतं, वाचणाराही असाच फसेल. मग आबांनी वर्तमानपत्राच्या कडेवर खुराचा आकार काढून दिला, मी तो लॅपटॉपवर गिरवला आणि प्रत्येक खच्चराचा आकडा त्या खुरात बसवला. पानाचे आकडे खाली मधोमध बारीक घेतले. तपासणाऱ्या माणसानं निरोप धाडला की चूक झाली, आणि ८५ नंबरचं खच्चर आपल्याला सगळ्यांत आवडलं.

यानंतर मैत्रिणीनं मला सोळाचा पाढा शिकवला. म्हणजे गणिताच्या बाईला. पुस्तक छापतात ते सोळा-सोळा पानांच्या घड्यांमध्ये, त्या एका घडीला फॉर्मा म्हणायचं. आमचा मजकूर संपत होता एकशे पंधराव्या पानावर आणि आठ फॉर्मे होत होते एकशे अठ्ठावीस पानांचे. तेरा पानं उरत होती. मी आबांना सांगितलं की बारा पानांचं आणखी काहीतरी लिहा. तेरावं पान मी गुपचूप माझ्यासाठी ठेवलं. त्यावर ‘मांडणीविषयी’ असा मथळा घालून मी अंगठा, खूर आणि उजवं पान यांच्याबद्दल चांगल्या चोवीस ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या मला फार आवडल्या होत्या.

आबा म्हणाले, खच्चरं संपली. पण तिसऱ्या दिवशी वही उघडून त्यांनी सुट्टीवर घरी यायचे तेव्हाचं लिहायला घेतलं. पहाटे चारला आपोआप जाग यायची, अंग घासून खरारा करायला खच्चर नसायचं, मग म्हशीलाच खरारा करायचे. म्हैस पहिले दोन दिवस बिथरायची. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत १५७ नंबरचं खच्चर तिकडं आजारी ठेवून आले होते, आणि झोपेत त्याचा आकडा बडबडायचे, असं त्यांचा एक भाऊ सांगायचा. हे सगळं बरोबर बारा पानं झालं, एकशे सोळा ते एकशे सत्तावीस.

सासूबाईंनी तोवर पुस्तकात लक्ष घातलं नव्हतं. दूध, वैरण, उसाचं पाणी, त्यांना वेळ कुठला. पण हे प्रकरण घराचं होतं म्हणून मी त्यांना वाचून दाखवायचं ठरवलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. १५७ चा आकडा आला आणि त्यांचे हात थांबले. त्यांनी मला ते परत वाचायला लावलं.

मग त्या आबांकडं वळल्या. “आवं, ते खच्चर व्हतं?”

आबा म्हणाले, व्हय.

सासूबाईंनी सांगितलं ते आबांनाही नवीन होतं. लग्न नवं, नवरा झोपेत एकशे सत्तावन्न एकशे सत्तावन्न करतोय. त्यांना वाटलं, पुढच्या सुट्टीला किती दिवस राहिले ते मोजतोय. आपल्याला सोडून जायच्या आधीच परत यायचे दिवस मोजणारा माणूस मिळाला म्हणून त्या अंधारात तोंडात पदर घालून रडायच्या. सुट्टी संपवून आबा गेल्यावर त्यांनी कालदर्शिकेवर एकशे सत्तावन्न दिवस मोजून खूण केली होती. त्या दिवशी त्यांनी पुरणपोळी केली होती. आबा आले नाहीत. ते आले आणखी चार महिन्यांनी.

“पुरण मग म्हशीनं खाल्लं,” सासूबाई म्हणाल्या. “एवढी वर्सं मी त्या खच्चरावर रडले व्हय?”

आबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आधी हसल्या सासूबाईच. मग मी. मग आबा असे हसले की त्यांना ठसका लागला आणि सासूबाईंनी पाठीत दोन धपाटे घातले, ते ठसक्याला हवे त्यापेक्षा जरा जोरातच होते. शेंगा सगळ्या अंगणभर.

डोळे पुसून झाल्यावर सासूबाईंनी माझ्या हातातली पानं मागितली आणि विचारलं की आपलं प्रकरण या बाजूला का सुरू झालंय. मी म्हटलं, पानं मोजून बसवली आहेत, एकशे सोळावं पान डावं येतं.

“खच्चरं सगळी उजवीकडं,” त्या म्हणाल्या, “आन् मी तेवढी डावीकडं?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी लॅपटॉपकडं पाहिलं. प्रकरण एक पान पुढं ढकललं तर ते एकशे अठ्ठाविसाव्या पानावर संपणार होतं, आणि ते पान माझं होतं. मी माझ्या चोवीस ओळी एकदा मनात वाचल्या आणि पुसून टाकल्या. मला वाटलं होतं वाईट वाटेल. उलट मी उठून आतल्या खोलीत एक गिरकी घेतली. सासूबाई एकशे सतराव्या पानावर आल्या. एकशे सोळावं कोरं राहिलं, तिथं कोण चालतंय ते विचारायची त्यांना गरज पडली नाही.

छपाईच्या दिवशी आबांना घेऊन मी सांगलीला गेले. यंत्रातून पहिला मोठा ताव बाहेर आला आणि आबा हादरले. तावाच्या एकेका बाजूला आठ पानं, त्यातली निम्मी उलटी, पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं. त्यांनी माझ्या कानात सांगितलं की सगळा घोटाळा झालाय, पण बाईंना टाकून बोलू नको. मैत्रिणीनं ऐकलं. तिनं ताव मेजावर पसरला, एकदा दुमडला, दोनदा, तीनदा, कडा सुरीनं कापल्या आणि आबांच्या हातात दिला. पहिलं, दुसरं, तिसरं, सगळी सरळ, सगळी ओळीत. आबांनी सोळाही पानं उलटली.

“पुन्यांदा करा,” ते म्हणाले.

तिनं परत केलं. मग त्यांनी स्वतः केलं. पहिल्यांदा चुकलं आणि सहाव्या पानानंतर अकरावं आलं, दुसऱ्यांदा जमलं. तिनं त्यांना शाई पुसट लागलेले चार-पाच ताव देऊन टाकले.

परतीच्या एसटीत पेठ नाक्यापर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. मग शेजारच्या माणसाच्या मांडीवर ताव पसरून त्याला घडी घालायला शिकवली. मागच्या बाकावर बेदाण्याची पिशवी घेऊन बसलेल्या बाईंना एक करून दाखवली. कराडला गाडी थांबली तेव्हा कंडक्टर एक फॉर्मा घेऊन दारातल्या जागेवर वाचत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, ३१२ लाकडी पुलावर अडून बसलंय आणि पान संपलं, पुढं काय झालं?

आबा उठले, दांडीला धरून उभे राहिले आणि सांगायला लागले. महिन्याभरानं पुस्तकं बांधून आली तेव्हा कंडक्टरसाहेबांना आम्ही पोस्टानं एक प्रत धाडली, पण ३१२ ची गोष्ट त्यांना त्या दिवशीच पुरी कळली. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली, लोक उतरले, आणि खच्चर पूल ओलांडेपर्यंत चौघे जण पिशव्या मांडीवर घेऊन जागचे हलले नाहीत.