आत्याने सांगितलेली दुरुस्ती

आत्याच्या वैजूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. टेबलावर माझ्या कथासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं होती. आत्याला कबूल केलेली एक दुरुस्ती त्यात करायची होती. "दादा, आई गेली. झोपेतच," वैजू म्हणाली. मी उरलेली मेथी निवडून ठेवली आणि दिवेआगरला निघालो.

आमच्या घरात किस्से नारळासारखे पडत राहतात. कुणीतरी उचलायचे, एवढंच. मी उचलले आणि लेखक झालो. त्या तेरा दिवसांत ते सगळे पुन्हा निघाले. सुतकात इतकं हसणारं घर गावाने पाहिलं नसेल!

* * *

माझी पहिली कथा अण्णाकाकांवर. काका पोफळीवरून घसरले ते थेट शेजाऱ्याच्या पेंढ्याच्या उडवीत. बोभाटा नको म्हणून मी कथेत त्यांचं नाव बदललं. काका महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी फुटले, "पडलो मी, आणि नाव त्या गोविंदाचं?"

पुढे ते होमस्टेच्या पाहुण्यांना ती पोफळ दाखवायला लागले. पाहुणे सेल्फी काढत. वादळात ती पोफळ मोडली. तरी काका दाखवतातच, शेजारची! मी हटकलं तर म्हणाले, "झाड गेलं, म्हणून मी पडलो ते गेलं का?"

* * *

माझ्या दोन काकू एका पाट्या-वरवंट्यावरून नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी त्यावर लिहिलं आणि भीतीने गावाला जायचंच टाळलं. एकाच दिवशी दोघींचे फोन.

मोठी म्हणाली, "चूक तिची होती, हे बरं छापलंस."

धाकटी म्हणाली, "चूक तिची होती, हे बरं छापलंस."

मग हेच ऐकवायला दोघींनी एकमेकींना फोन लावला. तासभर भांडल्या, आणि संध्याकाळी धाकटीकडून मोठीकडे आंबोळ्या गेल्या! पाटा अजून मधल्या कुंपणाशी पडून आहे.

* * *

आत्या मात्र छापायच्या आधी ऐकायची. मी फोनवर वाचायचो, तिकडे ती सुपारी कातरायची. अडकित्त्याचा आवाज थांबला की समजायचं, पकडले गेलो.

"हे तू रचलंस."

"थोडं रचावं लागतं गं, आत्या."

"रच की मेल्या! पण आपल्या घरात घडेल असं रच. अण्णा कधी कुणाची माफी मागेल का?"

मी माफी खोडली. कथेतले काका तांब्या आपटून निघून गेले. अडकित्ता पुन्हा सुरू!

* * *

एका कथेत मी आत्यालाच मारलं. ती कथा मात्र तिला वाचून दाखवायचा धीर झाला नाही, तशीच छापली. पुस्तक हातात पडल्यावर तिचा फोन.

"मला मारलंस?"

"आत्या, अगं ती कथा आहे..."

"मारलंस ते ठीक. पण तेराव्याला बुंदीचे लाडू? दारात एवढे नारळ असताना? मला रवा-नारळाचेच हवेत. दुरुस्त कर!"

पुढच्या आवृत्तीत नक्की करतो, म्हटलं.

तेराव्याच्या सकाळी मी रवा-नारळाच्या लाडवांचं सांगायला स्वयंपाकघरात गेलो. अण्णाकाका चष्मा लावून, माझं पुस्तक उघडून बसले होते.

"तिला काय हवं होतं ते यात लिहूनच ठेवलंय," ते वैजूला सांगत होते. "बुंदी! तिला ऐकवल्याशिवाय हा एक ओळ छापत नसे."

मोठ्या काकूने झारा धरला होता, धाकटी वरून पीठ ओतत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघी एका कढईपाशी.

वैजू डोळे पुसत म्हणाली, "दादा, तू होतास म्हणून आईच्या मनासारखं होतंय."

मी बुंदी वळायला बसलो. पंगतीत दोन लाडू खाल्ले. चांगले झाले होते.

प्रुफात अजून बुंदीच आहे.