कांजण्यांतून वाचलेला प्रमोद

माझ्या भावजयीचा, वर्षाचा फोन आला तेव्हा मी सडक अर्जुनीला शाळेत होते. ती एवढंच म्हणाली, "ताई, या तुमी नागपूरले." माझा धाकटा भाऊ प्रमोद गेला हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बस ट्रकांच्या मागे रखडत होती. प्रमोदच्या अंगात माझंच रक्त होतं, मग मला काहीतरी आधी कळायला हवं होतं, असं सारखं वाटत होतं... काहीच कळलं नव्हतं.

कुडव्यात प्रमोदचं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. रक्ताचा कॅन्सर एकदा बरा झाला आणि उलटला. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी मूळपेशी बदलल्या, माझ्या जुळल्या. तो कॅन्सरमुक्त होऊन घरी आला. पण नव्या रक्ताने त्याच्याच शरीरावर उलटू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबून टाकली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता भीती साध्यासुध्या आजारांची आहे.

आणि एका सकाळी वर्षाला त्यांच्या मुलीच्या, सहा वर्षांच्या मयुरीच्या पोटावर पाणी भरलेले फोड दिसले. कांजण्या. आदल्याच दुपारी ती बापाच्या कुशीत झोपली होती. प्रमोद भिंतीला टेकून उभा राहिला. मी सुटीला तिथेच होते; मला म्हणाला, "बाई, तिले कामठ्याले आईकडं घेऊन जा. लवकर." वाटेत मयुरी विचारत राहिली, बाबा जवळ काऊन नाही आला? तुझ्या अंगातलं त्याला लागेल, असं मी सांगितलं. मग ती कामठा येईपर्यंत फ्रॉक पोटावर घट्ट ओढून बसली.

नागपूरच्या डॉक्टरांनी प्रमोदला इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि वाट पाहायला सांगितलं. रोज सकाळी वर्षा त्याला अंगणातल्या उन्हात उभं करून पाठ, मान, केसांची मुळं तपासायची. मी शाळेतून फोन करायची, ती "काही नाही" म्हणायची, तेव्हा कुठे मी डबा उघडायची. एकदा खांद्यावर लाल ठिपका निघाला. दोघं तसेच नागपूरला धावले. डास चावला होता. "डासालेबी तुयंच रक्त भेटलं, बाई," प्रमोद फोनवर म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

कांजण्या टळल्या. मयुरी घरी आली. आम्ही सुटलो असं धरून चाललो होतो... धानाच्या मळणीच्या दिवसांत त्याला कोरडा खोकला लागला. ताप नव्हता म्हणून आधी कोणी घाबरलं नाही. फुप्फुसात बुरशी निघाली. कुठून आली, असं वर्षाने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ती हवेतच असते, आपण सगळेच रोज ती श्वासातून घेतो. औषधं बदलली, ऑक्सिजन लावला, तरी ती पसरत गेली.

शेवटच्या भेटीत त्याने तोंडावरचा मास्क जरा उचलला. मी नको म्हणत होते. "मयुरीले सांगजो," तो म्हणाला, "तिच्यापासून मले काहीच नाही झालं."

मी तिला सांगितलं. तेराव्या दिवसाआधीच सांगितलं.

मागच्या आठवड्यात कुडव्याला गेले तर ती दप्तर घेऊन बाहेर ओट्यावर बसलेली. नाक वाहत होतं. आत का गेली नाहीस, मी विचारलं.

"सर्दी झाली ना, आत्या."

मी तिच्याजवळ बसले आणि बाबाचा निरोप पुन्हा सांगितला. तिने सगळं ऐकलं, मानही हलवली... पण उठली नाही.