जंतुमावशी आणि मळका स्पंज

मावशीचं सगळं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये जंतूंच्या नावाने बोटं मोडण्यात गेलं, म्हणून भाचरं तिला जंतुमावशी म्हणत. नर्स म्हणून निवृत्त झाली, तरी दाराची कडीसुद्धा तिच्या तावडीतून सुटत नसे.

तिच्या यजमानांना, म्हणजे काकांना, पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. तेव्हापासून ते दिवसभर बाहेरच्या खोलीतल्या भल्यामोठ्या काचेच्या टाकीसमोर बसत. काचेला बोट लावलं की त्यांचा म्हातारा नारिंगी मासा येऊन बोटासमोर थांबायचा आणि काका हसायचे. आजारपणानंतर ते हसायचे ते तेवढंच.

टाकीतलं पाणी गाळणारा फिल्टर जळाला, तशी मावशी तडक दुकानात गेली.

"एकच मोठा घेऊ नका, दोन मध्यम घ्या," दुकानदार म्हणाला. "एक बंद पडला तरी दुसरा चालतो. आणि जुन्या फिल्टरमधला स्पंज न धुता नव्यात घाला."

"न धुता? शी! बोटभर मळ आहे त्याच्यावर!"

"तो मळच माशांना जगवतो, मावशी. माशांच्या घाणीचं पाण्यात विष होतं. मळातले जंतू ते खाऊन टाकतात."

हे काही मावशीच्या पचनी पडेना. पाण्यात हवा सोडणाऱ्या एअर पंपाच्या बाबतीत मात्र तिने त्याचं काही चालू दिलं नाही. "वीज गेल्यावर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा द्या. आणि एक नको, दोन! वीज गेली म्हणून पेशंट थांबत नसतो."

घरी तो तपकिरी, बुळबुळीत स्पंज पाहून तिला राहवेना. नळाखाली घासघासून तिने तो लख्ख केला आणि मगच नव्या फिल्टरमध्ये बसवला.

आठवड्याच्या आत पाणी दुधाळ झालं. मासा वर तोंड काढून धापा टाकू लागला. काका काचेला बोट लावून बसले, मासा फिरकला नाही; तरी त्यांनी बोट काढलं नाही. मावशीला दुकानदाराचे शब्द आठवले. या घरात उरलंसुरलं हसू आपण आपल्या हातांनी धुऊन टाकलं!

ती पुन्हा दुकानात धावली. सगळं ऐकून दुकानदाराने कपाळावर हात मारला. नळाच्या पाण्यातल्या औषधाने जंतू मेले होते. त्याने स्वतःच्या टाकीतला मळकट स्पंज पिशवीत घालून दिला. मावशीने तो नवजात बाळासारखा जपून घरी आणला.

पाणी निवळू लागलं, तोच एका दुपारी वीज गेली. दोन्ही फिल्टर गप्प झाले. काकांनी घाबरून मान वळवली. एवढ्यात, कोणी हात न लावता, दोन्ही पंप घुरघुरले आणि तळापासून बुडबुड्यांच्या माळा वर चढू लागल्या. मासा त्यांच्यात जाऊन स्थिर झाला.

मावशीने वाकून फिल्टरमधल्या मळकट स्पंजकडे पाहिलं. ज्यांना जन्मभर वेचून मारलं, ते डोळ्यांना न दिसणारे जीव त्या मळात बसून विष पचवत होते, आणि तिला आजवर त्याचा पत्ताही नव्हता. केवढी अजब ही दुनिया! ती नुसती बघत राहिली.

मासा सावकाश काचेकडे वळला आणि काकांच्या बोटासमोर येऊन थांबला. काका हसले. मग त्यांनी मावशीचा हात ओढला आणि तिचं बोट आपल्या बोटाशेजारी काचेवर टेकवलं.