न मावळणारा सोमवार

ताईचं पहिलं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तसे आईनं महादेवाचे सोमवार धरले. दिवसभर नुसतं पाणी, सूर्य मावळला की जेवण. ताई अमेरिकेत, तिच्या बाळंतपणासाठी आईला तिकडं न्यायचं ठरलं आणि तिकीट काढायला मी शहाणा पुढं. मुंबईहून थेट न्यूयॉर्क, सोळा तास, मध्ये थांबणं नाही. अशी विमानं तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. आईच्या गुडघ्यांचा विचार केला, वाराचा केलाच नाही. सकाळचं विमान, अन् नेमका सोमवार! मळ्यात मेथीच्या जुड्या बांधता बांधता आई म्हणाली, "असू दे की. सांज तर व्हतेच ना?"

झालीच नाही. सूर्य पश्चिमेला, विमानही पश्चिमेला. आठ तास झाले तरी ऊन खिडकीत ठाण मांडून.

"आई, घरी नाशकात दिवेलागण झाली. खा आता."

"मी नाशकात हाये का?"

"अगं, घड्याळ बघ!"

"घड्याळ तुझं. सूर्य देवाचा."

हवाईसुंदरीनं सगळ्या खिडक्या बंद केल्या. "खिडकी लावली म्हंजे रात झाली व्हय?" म्हणत आई घडीघडी झडप बोटभर वर करायची, आणि शेजारचा झोपलेला गृहस्थ डोळ्यांवर तिरीप येऊन दचकायचा. त्याची माफी मागून मागून मी वैतागलो. पुढं तिचे हात थरथरायला लागले तेव्हा मी भडकलोच. "चक्कर येऊन पडलीस तर ताईचं बाळंतपण कोण करणार, महादेव?"

ती रागावली नाही. म्हणाली, "मागल्या टायमाला मी काहीच धरलं नव्हतं रे." मला रडू आलं, ते लपवायला मी तिच्या वाटचंही जेवण खाल्लं.

न्यूयॉर्कला उतरलो तर लख्ख ऊन. बाहेर ताई उभी, आठवा महिना, हातात डबा.

"आई, आधी दोन घास खा."

"सूर्य मावळू दे."

"इथं तो आठला मावळतो! मग मीही खात नाही. सकाळपासून तुझ्यासाठी थांबलेय."

"दोन जिवाची अन् उपाशी? अक्कल हाये का तुला?" आईनं डबा हिसकावला. सामानाच्या ढकलगाडीवर बसून वरणभाताचा पहिला घास ताईला भरवला, दुसरा स्वतः घेतला. भर उन्हात.

"आणि सोमवार?" मी विचारलं.

"महादेवाला बी लेकरं हायेत. समजंल त्याला."

महिन्याभरानं भाची झाली, धडधाकट. तोवर आई रोज पहाटे उठून देवाच्या फोटोपुढं कान धरत होती, हे ताईनं मला नंतर सांगितलं.