पाचव्या डबीवर नेम

पौर्णिमा मोबाइल वाचताना तो अगदी नाकाजवळ नेते. दोन महिने मी हे पाहत होते. आज सगळा उलगडा झाल्यावरही ती जेवता जेवता मोबाइल बघायला लागली, तशी माझी नजर ताटावरून तिच्या डोळ्यांकडे गेलीच.

माझे वडील माणिकराव काचबिंदूने आंधळे झाले. शेवटची सहा वर्षं ते आम्हा बहिणींना पावलांच्या आवाजावरून ओळखत. हा आजार घराण्यात उतरू शकतो, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. माझ्या एकुलत्या एका मुलीचं तर पोटच डोळ्यांवर चालतं. ती लग्नांचे फोटो काढते.

बी.एस्सी. झाल्यावर सगळ्या मैत्रिणी स्पर्धा परीक्षांच्या मागे लागल्या आणि ही मंगरूळपीरला देवमन काकांच्या स्टुडिओत जाऊन बसली. दोन वर्षं तिथे शिकली. आता रिसोडहून आसपासच्या गावांत स्कूटीवर जाते, लांबचं लग्न असलं तर जीपने. फोटोग्राफर मुलगी असली की नवरीच्या खोलीत थेट जाता येतं, त्यामुळे बायाच तिचं नाव सुचवतात. तिच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत सेफ्टी पिनांची एक डबी असते. नवरीचा पदर घसरत असेल तर ही आधी कॅमेरा खाली ठेवते, पिन लावते, मग फोटो काढते. प्रत्येक लग्नात घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उजेडात बसवून त्यांचा एकेक वेगळा फोटो घेते. कोणी मागितलेला नसतो. पुढे कधीतरी ते माणूस गेलं की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी तोच फोटो मोठा करून न्यायला लोक येतात.

बिघाड सुरू झाला तो हिवाळ्यात. दिवसा, मोकळ्यावर काढलेले फोटो चांगले यायचे. संध्याकाळी मंडपातले मात्र धूसर. नवरीचा चेहरा पुसट आणि कानामागचा गजरा स्वच्छ. दिवसा दिसतं आणि अंधार पडला की दिसत नाही, याचा अर्थ मी माझ्या परीने लावला. पौर्णिमानेही तोच लावला असणार, कारण डोळ्यांचा विषय काढला की ती उठून जायची.

"वाशीमला जाऊन डोळे दाखवून येऊ," मी म्हणायची.

"कायले? दिसते मले. हात हलला असंल."

मग मार्चमध्ये रिसोडच्याच एका हॉलमधलं लग्न झालं. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर टेबल, टेबलावर बुद्धांची मूर्ती आणि मेणबत्त्या. फोटो न्यायला नवरीची आत्या आमच्या घरी आली. एकेक फोटो बघत गेली आणि म्हणाली, "बाई, याच्यात नवरी कोनती अन् करवली कोनती, ते तेवढं सांगून दे. भगवंत मात्र लख्ख आले."

पौर्णिमा ओठ मिटूनच हसली. आत्या गेल्यावर बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता.

त्यानंतर मी जे केलं, ते कोणालाच सांगितलेलं नाही. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. केनवडची रंगूबाई माझ्या हाताखालची सेविका. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो पौर्णिमानेच काढले होते आणि आता धाकट्या वैजयंतीचं लग्नही तिलाच सांगून ठेवलं होतं. मी केनवडला तपासणीला गेले, वजनाच्या नोंदी पाहिल्या आणि निघताना रंगूबाईला बाजूला घेतलं.

"रंगूबाई, वैजयंतीसाठी दुसरा फोटोग्राफर पाहा. माझं नाव सांगू नका."

"काहून मॅडम? पोरगी त चांगली हाय तुमची."

"तिची तब्येत बरी नसते."

रंगूबाईला ते पटलं नव्हतं. पण मी तिची मॅडम. "तुमी म्हनता तं ठीक हाय," एवढंच म्हणाली. माझा हिशोब असा होता की आणखी एका मांडवात मुलीचं हसं व्हायला नको. ती तेवढी घरी बसली, तर कदाचित डॉक्टरकडेही येईल.

झालं उलटंच. रंगूबाईचा निरोप आला त्या दिवशी पौर्णिमाने कॅमेरा पुसून बॅगेत भरला.

"रंगूमावशीनंही नाई म्हटलं. त्यांनी त माये फोटो पाह्यले होते, आई. आता हे विकूनच टाकू."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं.

आज सुट्टी होती. ती देवमन काकांना कॅमेरा विकायला मंगरूळपीरला निघाली आणि मीही बसमध्ये तिच्या शेजारी जाऊन बसले.

देवमन काका सत्तरीचे. स्टुडिओत आता गिऱ्हाईक येतं ते पासपोर्ट फोटोपुरतं, पण जुने कॅमेरे आणि भिंगं ते अजून घेतात-देतात. आम्हाला दारात पाहून म्हणाले, "जय भीम ताई. तुमी पोरीले आनलं, का पोरीनं तुमाले?"

पौर्णिमाने बॅग टेबलावर ठेवली. "काका, विकाचा हाय."

"कायले व? लगन ठरलं का तुयं?"

"घेता का नाई, तेवढं सांगा."

"घेतो ना. पन परखल्याबिगर मी बापाचाही कॅमेरा नाई घेत. तुले मालूम हाय."

त्यांची ही पद्धत जुनीच आहे. एकदा ते जुन्या भिंगाच्या व्यवहारात फसले, तेव्हापासून प्रत्येक भिंग तपासूनच घेतात. त्यांनी कपाटातून रोलच्या जमान्यातल्या नऊ काळ्या डब्या काढल्या. प्रत्येक डबीवर पांढऱ्या रंगाने आकडा, एक ते नऊ. त्या टेबलावर तिरप्या ओळीत मांडल्या, प्रत्येक डबी आधीच्या डबीपेक्षा थोडी मागे. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला.

"पाचीवर नेम धर," ते पौर्णिमाला म्हणाले.

तिने धरला आणि बटण दाबलं. फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. पाचचा आकडा पुसट होता. सात मात्र स्वच्छ.

पौर्णिमाचा चेहरा उतरला. "पाहा, मायाच नेम चुकते."

"बाजूले हो." काकांनी स्वतः नेम धरला. परत सात.

मला राहवलं नाही. "काका, तुमचंही वय झालंय. डोळ्यांनीच धरता ना नेम?"

ते हसले. "ताई, नीट पाहा. कॅमेऱ्यातली चौकट पाचीवर ठेवली. स्टँड हलत नाई, डबी हलत नाई. आता भिंग फिरवून साफ कराचं काम एकट्या कॅमेऱ्याचं. हे घ्या, मी डोये मिटले."

आणि खरोखर डोळे मिटून त्यांनी चाचपडत भिंगावरची फिरती कडी सरकवून चित्र मुद्दाम धूसर केलं, बटण दाबलं. पुन्हा कडी सरकवली, पुन्हा बटण. असं पाच-सहा वेळा. सगळे फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येकात सातच स्वच्छ.

"आता सांगा, कोनाचे डोये गेले?"

मी खाली स्टुलावर बसले. पौर्णिमा तशीच उभी राहून त्या सातकडे बघत होती.

मग त्यांनी समजावून सांगितलं. भर उन्हात भिंगाचं तोंड बारीक असतं, तेव्हा पुढचं-मागचं सगळंच साफ येतं आणि चूक झाकली जाते. अंधाऱ्या मांडवात तोंड पूर्ण उघडावं लागतं. मग साफ दिसणारा पट्टा अरुंद होतो आणि या भिंगाचा नेम तर मागे सरकलेला. आधीचं भिंग देऊन टाकून तिने हे दिवाळीच्या सुमारास अकोल्याहून, कोणीतरी वापरलेलं, घेतलेलं होतं. कुठेतरी आपटलेलं असेल.

"अन् मूर्तीवाला फोटो दाखवला होता ना मले मोबाइलवर? तवाच मले शंका आली पाह्यजे होती. भगवंत मांगं बसले होते, म्हनून साफ आले."

"मंग तवाच कायले नाई बोलले?" पौर्णिमा चिडून म्हणाली.

"मले वाटलं, तू भक्तीनं काढला."

ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी तिचे दात पाहिले.

पुढचा तासभर दोघं मला विसरून गेली. कॅमेऱ्यातच एक सोय असते. एखाद्या भिंगाचा नेम मागे जात असेल तर आकडा देऊन तो पुढे ओढता येतो. उणे चार दिलं, तर नेम साडेसहाच्या आसपास आला. उणे नऊ, तर जवळजवळ पाच. उणे अकराला पाचव्या डबीवरचे ब्रशचे ओरखडेसुद्धा मोजता आले. पौर्णिमाने कॅमेरा स्टँडवरून काढला, वळली आणि माझ्यावर रोखला.

"आई, तुया भुवईत पांढरा केस हाय."

अकोल्याहून त्याच्यासोबतच घेतलेलं दुसरं, लांबचं जवळ आणणारं भिंग मात्र पूर्ण सुधारलं नाही. एका टोकाला बरोबर, दुसऱ्या टोकाला चुकीचं. ते नागपूरला दुरुस्तीला पाठवावं लागेल. तोवर एका भिंगावर भागवायचं.

निघताना पौर्णिमाने विचारलं, "मंग घेता का विकत?"

"आता नाई परवडत. वस्तू चांगली झाली ना."

येताना वाशीमला मी तिला उतरवलंच आणि यावेळी तिने वाद घातला नाही. डॉक्टरांनी डोळ्यांचा दाब मोजला, आतून तपासलं. सगळं व्यवस्थित. अगदी किरकोळ नंबर निघाला. घराण्यात काचबिंदू आहे, तर वर्षातून एकदा दाखवत जा, म्हणाले. मी मोबाइल नाकाजवळ नेण्याबद्दल विचारलं, तर पौर्णिमाच मध्ये बोलली, "अवो डॉक्टर, मी दुसऱ्यांच्या फोटोतल्या पापण्या पाहून राह्यली होती. माया फोटोत कायले दिसत नाई म्हनून."

रिसोडच्या बसमध्ये मला कित्येक आठवड्यांनी झोप लागली. जाग आली तेव्हा पौर्णिमा खिडकीबाहेर बघत होती.

"आई, रंगूमावशीनं काहून नाई म्हटलं असंल? त्यांचे फोटो त दिवाळीआंधीच्या भिंगाचे होते. चांगले होते."

मी पदर सारखा केला आणि स्टॉप आला का, ते बघितलं.

आता ती झोपली आहे आणि मी हे लिहीत बसले आहे. तिचे डोळे चांगले आहेत. हे वाक्य मी मघापासून मनात किती वेळा म्हटलं असेल! पण भिंगाचा दोष तिला कळला, तसं केनवडचं काम कोणामुळे गेलं, तेही तिला कळायला हवं. नाहीतर रंगूबाईने आपल्याला नाकारलं, असंच ती समजत राहील. आणि रंगूबाई बिचारी माझं नाव घेणार नाही, कारण मीच तिला तसं बजावलं आहे.

वैजयंतीचं लग्न पुढच्या रविवारी आहे. रंगूबाईने दुसरा फोटोग्राफर ठरवला असेल, तर ते ऐकून घेईन. सकाळी आठला, ती अंगणवाडीकडे निघण्याआधी, मी तिला फोन लावणार आहे. पौर्णिमाला समोर बसवून, स्पीकर चालू ठेवून.