मोज्यातल्या बाटल्या

मर्व्ह नोस्केने चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त केले आणि चाळीस वर्षं बिअर प्यायली. यात काही विसंगती आहे असं त्याला कधी वाटलं नाही. मळेवाले खूश होऊन बाटल्या द्यायचे. त्या तो शेडमध्ये ऑइलच्या डब्यांशेजारी ठेवायचा आणि नाताळात चर्चच्या लकी ड्रॉला देऊन मोकळा व्हायचा. वाइन पांढरी असते किंवा तांबडी असते, एवढं ज्ञान त्याला पुरत होतं. लकी ड्रॉला तेवढंही लागत नाही.

बायको गेल्यानंतर काही वर्षांनी, साठी उलटून गेल्यावर, हे ज्ञान अपुरं पडू लागलं. कारण व्हर्ना गेर्श.

व्हर्ना निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. मर्व्हने तिच्या विहिरीवरचा पंप दुरुस्त केला, तिने त्याला रविवारी चर्चनंतर जेवायला बोलावलं, आणि परत येताना गाडीत मर्व्हच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतो आहोत. द्राक्षांची तोडणी संपली की गावात नाच असतो. त्या नाचाला तिला घेऊन जायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. आता विचारायचं तेवढं बाकी होतं. त्यासाठी ती दहा मिनिटं एकटी सापडायला हवी होती, आणि व्हर्नाचं घर रविवारी कधी रिकामं नसायचं.

तिच्या टेबलाची एक रीत होती. प्रत्येक पाहुण्याने बाटली आणायची. लेबल दिसू नये म्हणून व्हर्ना त्या बाटल्यांना कै. गेर्श यांचे फुटबॉलचे लांब लोकरी मोजे चढवायची. मोजे धुतलेले असायचे, हे ती नव्या माणसाला आवर्जून सांगे. मग एकेक बाटली ओतायची आणि प्रश्न विचारायची. द्राक्ष कोणतं, हे की हे की ते? किती जुनी? कुठल्या भागातली? दर प्रश्नाला पर्याय तीन, आणि सगळ्यांनी एकदम हात वर करायचे, म्हणजे शेजाऱ्याचं बघून लिहिण्याची सोय नाही. ज्याचे गुण सर्वांत जास्त, त्याला व्हरांड्यातली कॅनव्हासची आरामखुर्ची. ज्याचे सर्वांत कमी, त्याने यजमानिणीबरोबर ग्लास धुवायचे.

पहिल्या रविवारी बाटली ओतल्याबरोबर मर्व्ह आत्मविश्वासाने म्हणाला, ही पांढरी आहे. तेवढं टेबलावरच्या सगळ्यांनाच दिसत होतं, असं व्हर्नाने शांतपणे सांगितलं. पुढे त्याने वाटेल तसे हात वर केले आणि तीनचार उत्तरं बरोबरही आली. क्लाइव्ह ओब्स्टचं मात्र एकही आलं नाही. क्लाइव्ह हा गावचा निवृत्त केमिस्ट, टाय लावून जेवायला येणारा. तो मुकाट्याने उठला, खुंटीवरचा एप्रन स्वतःच काढून बांधला आणि आत गेला. मर्व्हला त्याची दया आली.

पण स्वतःची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी तो टाय लावून भाचीकडे गेला. केरिन एका वाइनरीच्या चव घेण्याच्या काउंटरवर कामाला होती. मामाने वाइनबद्दल विचारावं, हे तिला मामाने बॅले शिकावं यासारखंच वाटलं.

"कोण आहे ती?" तिने विचारलं.

कोणी नाही, उगाच कुतूहल, असं मर्व्हने सांगितलं. कुतूहल कधीपासून टाय घालतं, असं केरिनने विचारलं आणि ग्लास मांडले.

तिने चव घेतलेली वाइन थुंकायची बादली दाखवली. मर्व्हला ती पद्धत पाहुणचाराचा अपमान वाटली, त्यामुळे पहिला धडा त्याने पूर्ण गिळला आणि तो त्याला आठवत नाही. दुसऱ्यांदा मात्र त्याने नीट लक्ष दिलं. केरिनने त्याला द्राक्षांची नावं पाठ करायला लावली नाहीत, तो जन्मभर ओळखत आलेले वास शोधायला लावले. नुकतं कापलेलं गवत आलं की सोविन्यों ब्लां. लोणी लावलेला टोस्ट आणि ओल्या लाकडाचा वास आला की पिंपात मुरलेली शार्डने. तांबडीच्या ग्लासातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं तर पिनो. मिरपूड भुरभुरलेला प्लमचा जॅम म्हणजे शिराझ, आणि ती याच खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला ओळखता येऊ नये ही शरमेची गोष्ट आहे, असं केरिनचं मत पडलं. फार उकळलेल्या चहासारखी जीभ कोरडी पाडते ती काबर्ने.

मग तिने एक जुनी रिझलिंग उघडली. मर्व्हने नाक घातलं आणि तो थांबला. लिंबाची साल, आणि तिच्यामागे केरोसिन. म्हाताऱ्या रिझलिंगला असा वास येतो, यात बिघाड काही नाही, असं केरिन म्हणाली. मर्व्हला बिघाड वाटलाच नव्हता. ट्रॅक्टरचे सुटे भाग धुतल्यावर हाताला जो वास राहतो तो कोणीतरी लिंबू पिळून बाटलीत भरला होता. त्या दिवशी बादलीकडे त्याने पुन्हा दुर्लक्ष केलं.

तीन महिन्यांनी मर्व्ह जिंकला. टाळ्या पडल्या, आरामखुर्ची मिळाली. शेजारच्या खुर्चीत निवृत्त पाद्रीबुवा बसले आणि त्यांनी आपल्या पित्ताशयाची हकिगत मुळापासून सुरू केली. ती ऐकता ऐकता मर्व्हचं लक्ष स्वयंपाकघराच्या जाळीच्या खिडकीकडे गेलं. आत व्हर्ना ग्लास धूत होती आणि क्लाइव्ह पुसत होता. दोघं हसत होते. तेव्हा मर्व्हला आठवलं की क्लाइव्हची स्वतःची द्राक्षबाग आहे, घराखाली वाइनचं तळघर आहे, आणि रिझलिंग व शार्डने यांतला फरक त्याला न कळणं म्हणजे त्याला खोकल्याचं औषध न ओळखता येण्यासारखं आहे.

मर्व्हने पाद्रीबुवांना विचारलं, क्लाइव्ह नेहमीच हरतो का? दोन वर्षं झाली, बुवा म्हणाले, बिचाऱ्याची जीभच गेली आहे.

पुढच्या रविवारपासून मर्व्हही हरू लागला. हे काम जिंकण्याहून अवघड निघालं. प्रत्येक वेळी खरं उत्तर शोधायचं, मग ते टाळायचं, आणि चेहऱ्यावर खात्री दाखवायची. ढळढळीत शिराझला पिनो म्हणताना त्याचा कान लाल व्हायचा. समोर क्लाइव्ह डोळे मिटून, ग्लास फिरवून, गंभीरपणे काबर्नेला ग्रनाश म्हणायचा. दोघांनाही शून्य. मग दोघंही स्वयंपाकघरात. एकच टॉवेल दोन टोकांनी धरून दोन वयस्क गृहस्थ ग्लास पुसत उभे राहायचे, मध्ये व्हर्ना, आणि विषय हवामानाचा. तोडणी अर्धी उरकली. नाचाची पाटी चौकात लागली.

त्या रविवारी तीन बाटल्या झाल्या, दोघंही शून्यावर. चौथ्या मोज्यातून व्हर्नाने जरा काळजीपूर्वक ओतलं. रंग जुन्या सोन्यासारखा. मर्व्हने ग्लास नाकाशी नेला.

लिंबाची साल आणि केरोसिन.

"रिझलिंग, सोविन्यों ब्लां, की शार्डने?" व्हर्नाने विचारलं.

शार्डने म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण स्वतःच्या कुत्र्याला चारचौघांत मांजर म्हणावं तसं त्याला ते जड गेलं. क्लाइव्हचा हात शार्डनेला वर गेला. मर्व्हचा रिझलिंगला गेला आणि तिथून खाली येईना. पुढच्या दोन प्रश्नांनाही तो खरं तेच बोलला. क्लाइव्हने त्याच्याकडे पाहून टाय सरळ केला, एप्रन घेतला आणि एकटा विजयी आत गेला.

मर्व्ह व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसला. आरामखुर्चीत आज पाद्रीबुवांची बायको होती, आणि तिलाही पित्ताशय होतं. एवढ्यात जाळीचं दार वाजलं. व्हर्ना उरलेली रिझलिंग आणि दोन ग्लास घेऊन बाहेर आली आणि त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

"क्लाइव्ह एकटाच आहे आत?" मर्व्हने विचारलं.

"टॉवेल कुठे असतो ते त्याला माहीत आहे."

तिने ओतलं. एक ग्लास त्याच्या हातात दिला आणि ती म्हणाली, "तीन पर्याय असतात, मर्व्ह. ज्याला काहीच कळत नाही त्याचंही एखादं उत्तर चुकून बरोबर येतं. तुझं पहिल्या दिवशी आलं होतं. क्लाइव्हचं दोन वर्षांत एकदाही आलेलं नाही, आणि हल्ली तुझंही येत नव्हतं. शाळेत मी कॉपी करणारी पोरं पुष्कळ पकडली. इतका अभ्यास करून नापास होणारे तुम्ही दोघंच."

"मग बोलली का नाहीस?"

"ग्लास कोणी धुतले असते?"

मर्व्हने एक घोट घेतला, आणि मग नाचाचं विचारलं. ते विचारायला त्याला उन्हाळा अख्खा का लागला, असं तिने म्हटलं. स्वयंपाकघरात फार गर्दी असायची, असं त्याने सांगितलं. व्हर्नाने ग्लासात नाक घालून बराच वेळ वास घेतला.

"येईन," ती म्हणाली. "पण हात धुऊन ये. केरोसिन मला बाटलीतलंच आवडतं."

आतून क्लाइव्हने हाक मारून विचारलं, मोठे ग्लास वरच्या कपाटात ठेवायचे ना?

"वरच्याच," व्हर्ना म्हणाली, आणि जागची हलली नाही.